पुनर्दर्शन

एकदा वाचलेला ग्रंथ पुन्हा वाचणाऱ्याला कोणी हसत नाही. ज्ञानेश्वरीची तर पारायणेच होतात. ऐकलेला यमन पुन्हा ऐकण्यासाठी लोक रात्र जागवितात, आणि पाहिलेले पंढरपूर दर वर्षी नव्याने पाहावयास लाखो माणसे पायी निघतात. मात्र पाहिलेलाच चित्रपट पुन्हा तिकीट काढून पाहावयास निघालेल्या गृहस्थाकडे शेजारीपाजारी किंचित करुणेने पाहतात. कथा ठाऊक, शेवट ठाऊक; मग जावयाचे ते कशासाठी? त्यातून तो चित्रपट विज्ञानकथेचा असला, आणि जाणारा गृहस्थ पंचेचाळिशी गाठलेला सरकारी नोकर असला, म्हणजे त्या करुणेत थोडी चिंताही मिसळते. हा प्रश्न मला विचारण्यात आला तेव्हा दारात उभ्या उभ्या त्याचे उत्तर देणे शक्य नव्हते. आज ते थोडे सावकाश द्यावे असा विचार आहे.

चित्रपटाचे नाव ‘इंटरस्टेलर’. ख्रिस्तोफर नोलन या दिग्दर्शकाचा हा चित्रपट आपल्या देशात ७ नोव्हेंबर २०१४ रोजी प्रथम आला. त्याला दहा वर्षे झाली म्हणून परदेशात तो २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा दाखविण्यात आला. पण आपल्याकडचे मोठे पडदे त्या सुमारास ‘पुष्पा’च्या दुसऱ्या भागाने अडविलेले होते. त्यामुळे अंतराळवीरांना दोन महिने रांगेत उभे राहावे लागले आणि ७ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांची पाळी आली. गंमत अशी की, त्याच दिवशी ‘सनम तेरी कसम’ हा २०१६ चा हिंदी प्रेमपटही पुन्हा प्रकाशात आला, आणि पहिल्या खेपेस ज्याच्याकडे फारसे कोणी फिरकले नव्हते त्या चित्रपटाला तरुण मुलामुलींनी गर्दी केली. तेव्हा पुन्हा पाहण्याचे वेड केवळ माझ्यासारख्यांनाच आहे, असे शेजाऱ्यांनी समजू नये.

रायपूरच्या जुन्या रहिवाशाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आमचे घराणे नागपूरकडचे. मध्यप्रांताची राजधानी नागपुरास होती त्या काळात, म्हणजे १९५६ पूर्वी, कोणी एक पूर्वज कारकुनी करावयास इकडे आला आणि इकडचाच झाला. आमच्या घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी, अशा तीन भाषांत आमचा दिवस वाटलेला असतो. त्या घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात बाबूलाल, शारदा, श्याम, राज अशा टॉकीजची नावे देवळांच्या नावांसारखी येत. त्या काळी जुना चित्रपट परत येणे ही नित्याची गोष्ट होती. घरात पेटी नव्हती, खिशात फोन नव्हता. मधुबाला पुन्हा पाहावयाची तर ती गावात परत येईपर्यंत थांबावे लागे. मध्यंतरी आपण ही वाट पाहण्याची कला विसरलो. पाहिजे ते पाहिजे तेव्हा मिळू लागले, आणि जे केव्हाही मिळते ते पुष्कळदा कधीच पाहिले जात नाही.

या चित्रपटाला आता लोक ‘अभिजात’ म्हणू लागले आहेत. हा शब्द मराठी माणसाने सध्या जपून वापरावयास हवा. आपल्या भाषेला ही पदवी केंद्र सरकारकडून ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाली, आणि तिच्यासाठी दीड-दोन हजार वर्षांचा पुरावा सादर करावा लागला. चित्रपटाला दहा वर्षे पुरावीत हा पक्षपातच म्हणावयाचा! परंतु चित्रपट ही कलाच अवघी सव्वाशे-दीडशे वर्षांची. तिच्या कुटुंबात पन्नाशीचा माणूस आजोबा ठरतो. विज्ञानपटांच्या शाखेतील खरे आजोबा म्हणजे १९६८ चा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’. ‘इंटरस्टेलर’ने त्यांचे ऋण कधी लपविले नाही. शनिग्रहाच्या विराट कड्याजवळून ते लहानसे यान जाते, त्या वेळी ते धुळीच्या कणाएवढे दिसते. त्यातील निःशब्दता थेट त्या आजोबांच्या घरातून आलेली आहे.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा दोन शब्दांत सांगतो. पृथ्वी धुळीने भरली आहे. पिकांवर रोग पडून एकेक धान्य नाहीसे होत चालले आहे. कूपर नावाचा, पूर्वी वैमानिक असलेला आणि आता मका पिकविणारा एक विधुर शेतकरी आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घरी ठेवून, माणसांसाठी दुसरे घर शोधावयास ताऱ्यांच्या पलीकडे जातो. मुलगी त्याला जाऊ देत नाही. तो परत येण्याचे वचन देऊन निघतो. वाटेत एका प्रचंड कृष्णविवराजवळच्या ग्रहावर त्याला उतरावे लागते. तेथील एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे. काही तासांचे काम आटोपून तो यानावर परततो, तेव्हा घरी तेवीस वर्षे होऊन गेलेली असतात.

हा काळाचा हिशेब लेखकाने लहरीखातर मांडलेला नाही. गुरुत्वाकर्षण जेथे तीव्र, तेथे घड्याळ मंद चालते, हे आइन्स्टाइनने १९१५ साली पूर्ण केलेल्या सिद्धांतातून निघते, आणि त्याची प्रचीती आम्हांला महसूल खात्यातही येते. पटवाऱ्याच्या हातातील जरीब जाऊन आता उपग्रहांच्या आधाराने जमीन मोजणारी यंत्रे आली आहेत. हे उपग्रह पृथ्वीपासून दूर असल्यामुळे त्यांची घड्याळे जलद चालतात आणि वेगात असल्यामुळे थोडी मंदही चालतात. जमाखर्च करून पाहता जीपीएस उपग्रहाचे घड्याळ रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद, म्हणजे एका सेकंदाचे दहा लाख भाग केल्यास त्यांतील ३८ भाग, पुढे जाते. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात दहाएक किलोमीटरची चूक साठेल, आणि रायपूरचे शेत कागदोपत्री दुसऱ्याच तालुक्यात जाऊन पडेल. अशा वेळी दोन भावांचे भांडण मिटविण्यास आइन्स्टाइनलाच साक्षीस बोलवावे लागले असते.

चित्रपटातील प्रमाण अर्थात फार मोठे आहे. मी कागदावर हिशेब केला. तासाला सात वर्षे म्हणजे दर दीड सेकंदापेक्षाही कमी वेळात घरी एक दिवस उलटणार. नाडीच्या दोन ठोक्यांत सूर्य उगवून मावळणार. आपल्याकडे मध्यंतराची चाल आहे. त्या ग्रहाच्या मानाने पंधरा मिनिटांचे मध्यंतर म्हणजे पावणेदोन वर्षे. समोशाच्या रांगेत उभे असताना मला या विचाराने जरा घाई झाली.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. शेवट ठाऊक असलेली कथा पुन्हा का पाहावी? याचे पहिले उत्तर आमच्या छत्तीसगढच्या खेड्यात कोणीही देईल. तीजनबाईंनी जी पंडवानी जगभर नेली, ती ऐकावयास रात्ररात्र बसणाऱ्या माणसाला द्रौपदीचे पुढे काय झाले हे ठाऊक नसते थोडेच! आपल्या कीर्तनातील उत्तररंगाचेही तेच आहे. हरिश्चंद्राला त्याचे राज्य परत मिळणार हे पहिल्या रांगेतील आजीबाई गेली साठ वर्षे जाणून असतात, आणि तरीही स्मशानाच्या प्रसंगी पदर डोळ्यांना लावतात. पुढे काय घडणार हे कळले की कुतूहल संपते. पण कुतूहल संपल्यावरच लक्ष खऱ्या अर्थाने मोकळे होते.

‘इंटरस्टेलर’ तर जणू दुसऱ्यांदा पाहण्यासाठीच रचलेला आहे. प्रारंभी काही वृद्ध माणसे धुळीच्या दिवसांच्या आठवणी सांगताना दिसतात. त्यांतील बहुतेक नट नव्हेत; १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागी धुळीच्या वादळांनी शेती उद्ध्वस्त झाली तो काळ भोगलेली ती खरीखुरी माणसे आहेत, आणि त्यांची निवेदने त्या आपत्तीवरील एका माहितीपटातून घेतलेली आहेत. त्यांच्यात एक वृद्धा बसलेली आहे. पहिल्या वेळी ती अनेकांतील एक वाटते. दुसऱ्या वेळी आपण दचकतो. कारण ती कूपरची मुलगी आहे, आणि जी कथा अजून सुरू व्हावयाची आहे तिचा शेवट आपल्यासमोर शांतपणे बसून बोलत आहे! तीच गोष्ट त्या पुस्तकांच्या फळीची. मुलीच्या खोलीत फळीवरून पुस्तके आपोआप पडतात आणि ते भूत आहे असे ती समजते. पुढे कळते की, काळाच्या पलीकडून तो बापच तिला खुणा करीत असतो. दुसऱ्यांदा पाहताना हे आपल्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे बाप निरोप घेऊन बाहेर पडतो तो प्रसंग पार बदलून जातो. दाराबाहेर जाणारा तोच आहे आणि फळीमागून ‘जाऊ नकोस’ म्हणून विनविणाराही तोच आहे. पहिल्या खेपेस या खोलीत आपल्याला दोन माणसे दिसतात. दुसऱ्या खेपेस तीन दिसतात.

दुसरे उत्तर याहून महत्त्वाचे आहे. चित्रपट बदलत नाही, म्हणूनच तो पुन्हा पाहावा. नदीच्या पात्रात रोवलेला एखादा जुना दगड असतो. पूर किती चढला हे त्याच्यावरूनच कळते. या अकरा वर्षांत चित्रपटातील एकही चित्र इकडचे तिकडे झालेले नाही. मग जे जे वेगळे दिसले ते आपल्याकडचे पाणी.

विज्ञानाचेच पाहा. चित्रपटातील कृष्णविवराची काळी वर्तुळाकृती आणि तिच्याभोवती वरून व खालून वळलेले तेजाचे कडे हे चित्रकाराच्या मनातून उतरलेले नव्हते. किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाने समीकरणे दिली, त्यांवरून संगणकाने प्रकाशाचे मार्ग काढले, आणि त्या कामावर २०१५ साली शास्त्रीय नियतकालिकात निबंधही प्रसिद्ध झाला. २०१४ साली हे सारे गणिताचे स्वप्न होते. त्यानंतर १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेली गुरुत्वलहर प्रथमच पृथ्वीवर नोंदली गेली, आणि २०१७ च्या नोबेल पारितोषिकात याच थॉर्न यांचा वाटा होता. १० एप्रिल २०१९ रोजी साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरील एका कृष्णविवराच्या छायेचे चित्र जगाने वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर पाहिले. २०२२ साली आपल्याच आकाशगंगेच्या मध्यावर बसलेल्याचेही चित्र आले. ही चित्रे अंधूक आहेत; चित्रपटातले रेखीव आहे. पण अंधूक चित्र खरे आहे हे ठाऊक असल्यामुळे पडद्यावरच्या रेखीव चित्राकडे पाहण्याची नजरच बदलते. पूर्वी ते आश्चर्य होते. आता ते ओळखीच्या माणसाचे तैलचित्र वाटते.

मराठी वाचकाला मात्र ही ओळख फार जुनी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाच्या कथेला पारितोषिक मिळाले. कथेचे नाव ‘कृष्णविवर’. लेखकाच्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने वाचली म्हणजे जयंत विष्णु नारळीकर प्रकट होतात. केंब्रिजमधून नुकतेच मायदेशी परतलेल्या, जगाने नावाजलेल्या शास्त्रज्ञाने आपले नाव झाकून, नवोदितांच्या रांगेत उभे राहून मराठीत गोष्ट लिहिली, याचे मोल शब्दांत सांगता येणार नाही. ‘इंटरस्टेलर’ प्रथम आला त्याच २०१४ सालचे साहित्य अकादमी पारितोषिक त्यांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला मिळाले. चित्रपट परत आला आणि त्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांनी, २० मे २०२५ रोजी, नारळीकर पुण्यात निवर्तले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी आमच्यासारख्यांच्या मनात त्या शेजारी शेजारी राहणार. कारण पडद्यावरील त्या काळ्या वर्तुळाला आम्ही मनातल्या मनात जे नाव देतो, ते त्यांच्या गोष्टीतून आमच्या घरात आलेले आहे.

देशाचेही तसेच. चित्रपटाच्या सुरुवातीस मक्याच्या शेतावरून एक भरकटलेले मानवरहित विमान जाते. ते भारतीय वायुदलाचे असते. दिल्लीचे नियंत्रणकेंद्र केव्हाच बंद पडलेले, तरी सूर्याच्या शक्तीवर ते बिचारे अमेरिकेच्या आभाळात एकटेच फिरत राहिलेले! २०१४ साली या जागी प्रेक्षागृहात आश्चर्याचा हशा उठला होता. आदल्याच सप्टेंबराच्या २४ तारखेस आपले मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचले होते, आणि परक्याने आपली दखल घेतली याचा आनंद ताजा होता. यंदाच्या प्रेक्षागृहात हशा नव्हता. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ भारताचे यान उतरलेले ज्यांनी शाळेत बसून पाहिले, ती मुले माझ्या आजूबाजूला होती. भारतीय विमान आभाळात असणे त्यांना स्वाभाविक वाटले. ती कशासाठी हसणार?

आता थोडे घरगुती बोलतो. २०१४ साली आम्ही हा चित्रपट पाहिला तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती. मध्यंतरानंतर ती माझ्या खांद्यावर झोपली, आणि तिची मान अवघडू नये या चिंतेत मी कूपरची पुढची तेवीस वर्षे पाहिली. त्यानंतर माझी बदली दक्षिण बस्तरमधील एका गावी झाली. कुटुंब रायपुरास राहिले. ज्यांनी त्या भागात नोकरी केली आहे त्यांना त्या काळची फोनची स्थिती सांगावयास नको. आठवडा-पंधरवड्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी काम निघे. घाट उतरून जीप नेटवर्कच्या टप्प्यात आली की खिशातला मुका फोन एकाएकी बोलू लागे, आणि साठलेले निरोप एकामागून एक येऊन पडत. ‘बाबा, माझा दात पडला.’ ‘बाबा, मला सायकल येते.’ ‘बाबा, तुमच्या वाढदिवसाला आईने श्रीखंड केले, आम्ही खाल्ले.’ दात पडल्याचे मला कळे तोवर नवा दात डोकावू लागलेला असे. चालकाला मी जीप रस्त्याच्या कडेला उभी करावयास सांगत असे; तोही समजूतदारपणे बिडी ओढण्याच्या निमित्ताने खाली उतरे.

चित्रपटात कूपर त्या ग्रहावरून परततो आणि यंत्रासमोर बसून घरचे तेवीस वर्षांचे निरोप एका बैठकीत पाहतो. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, नातवंड होते, जाते. आणि शेवटी मुलगी पडद्यावर येऊन सांगते की, आज तिचे वय बाप निघाला त्या वेळच्या त्याच्या वयाएवढे झाले आहे. पहिल्या वेळी हा प्रसंग मला एका समर्थ नटाचा उत्कृष्ट अभिनय वाटला होता. दुसऱ्या वेळी मला अभिनय दिसलाच नाही. सैनिक, रेल्वेचे चालक, आखातात गेलेले कारागीर, ऊसतोडीला गेलेले आईबाप, आणि आमच्या छत्तीसगढातून दर वर्षी विटभट्ट्यांवर कामाला जाणारी कुटुंबे, या साऱ्यांची घरे मागे राहतात आणि त्यांच्या माघारी वेगाने वाढतात. लांब गेलेल्या माणसाचे घड्याळ मंद चालते हे समजण्यास कृष्णविवरापर्यंत जावे लागत नाही.

या वेळी मुलगी माझ्या शेजारी जागी होती. वय वर्षे सतरा. जेथे माझी गाडी अडली तेथे तिनेच हलक्या आवाजात मला दोन वाक्यांत सापेक्षता समजावून दिली. आता घर सोडून जाण्याची पाळी तिची आहे. शिक्षणासाठी ती लवकरच दूर जाईल, आणि निरोप पाठविण्याचे व त्यांची वाट पाहण्याचे काम आमच्याकडे येईल. चित्रपटातील बापाच्या जागी मी कोठवर होतो आणि मुलीच्या जागी केव्हा येऊन बसलो, हे मला त्या अंधारातच उमगले.

आपल्याकडे अशीच एक फार जुनी कथा आहे. भागवताच्या नवव्या स्कंधात ककुद्मी नावाचा राजा आपली कन्या रेवती हिला बरोबर घेऊन ब्रह्मदेवाकडे जातो. तिला योग्य वर कोणता हे विचारावयाचे असते. तेथे गंधर्वांचे गायन चालू असल्यामुळे तो थोडा वेळ थांबतो. गायन संपल्यावर प्रश्न विचारतो, तर ब्रह्मदेव हसून सांगतात, ‘राजा, तू ज्यांचा विचार करून आलास ते सारे केव्हाच गेले. खाली सत्तावीस चतुर्युगे होऊन गेली.’ मग बापलेक पृथ्वीवर परततात आणि रेवतीचा विवाह बलरामाशी होतो. यावरून आपल्या पूर्वजांना आइन्स्टाइनचे गणित येत होते असे म्हणण्याचा मोह मी आवरतो. गणित वेगळे, कल्पना वेगळी. मला या कथेत दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. त्या राजाने मुलीला बरोबर नेले होते. त्यामुळे जग बुडाले तरी दोघांचे वय एकमेकांच्या मानाने जसेच्या तसे राहिले. कूपरला ते साधले नाही. शेवटी तो परततो तेव्हा तो अजून उमेदीत आहे, आणि मुलगी नातवंडा-पतवंडांच्या वेढ्यात मृत्युशय्येवर आहे. पुराणकाराने जी भीती शिताफीने टाळली, तिच्यासमोर चित्रपटकर्त्याने आपल्याला नेऊन बसविले.

कोणी म्हणेल, हे सारे घरी बसून, छोट्या पडद्यावरही पाहता आले असते. आले असते खरे. पण घरी काळ आपल्या हाती असतो. दारावरची घंटा वाजली की आपण कळ दाबतो आणि अंतराळवीर जागच्या जागी गोठतो. कंटाळा आला की दहा वर्षे पुढे ढकलतो. काळ कोणासाठी थांबत नाही, हेच ज्या चित्रपटाचे सांगणे, तो काळाला थांबविण्याची कळ हातात धरून पाहणे म्हणजे उपवासाच्या दिवशी फराळाची यादी वाचण्यासारखे आहे. प्रेक्षागृहात १६९ मिनिटे सर्वांची सारखीच जातात. आणि लंडनच्या टेंपल चर्चमध्ये वाजविलेल्या ऑर्गनचा घोष छातीत उमटून एकाएकी थांबतो, त्या क्षणी दोनशे अनोळखी माणसे श्वास रोखून बसलेली आपल्याला ऐकू येतात. ती शांतता घरात विकत मिळत नाही.

शेवटी एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती खास रायपूरची आहे. पहिल्या वेळी माझे सारे लक्ष आकाशाकडे होते. या वेळी ते जमिनीकडे गेले. चित्रपटातील जग युद्धाने वा महापुराने मरत नाही. ते पिकांवरील रोगाने मरते. गहू आधीच गेलेला. एका प्रसंगात शेजारच्या शेतातली भेंडी जाळून टाकावी लागते, आणि जगातील ती शेवटची भेंडी असते. उरतो एकटा मका, आणि तोही जाणार हे जाणत्यांना कळून चुकलेले. ही कल्पनेची भरारी म्हणावी, तर १९७० साली अमेरिकेत मक्यावरच असा रोग पडला की, त्या देशातील सुमारे १५ टक्के पीक बुडाले. कारण एवढेच की, बहुतेक संकरित बियाण्यात एकच वंशगुण शिरलेला होता. साऱ्या शेतांना एकच कुलूप होते. रोगाला एक किल्ली सापडली आणि सगळी दारे उघडली.

आमच्या प्रदेशाला ‘धान का कटोरा’ म्हणतात. त्याच दशकात डॉ. रिछारिया यांनी रायपूरच्या भातसंशोधन केंद्रात बसून खेड्यापाड्यांतून शेतकऱ्यांच्या घरचे भाताचे वाण हजारोंनी गोळा केले. कोणी सुवासिक, कोणी काळे, कोणी पाण्यात तग धरणारे, कोणी दुष्काळात साठ-सत्तर दिवसांत पिकणारे. तो ठेवा आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात आहे आणि त्यात भाताचे २३ हजारांहून अधिक नमुने आहेत. ज्या प्रेक्षागृहात आम्ही जगातील शेवटची भेंडी जळताना पाहिली, त्याच शहरात हे भांडार आहे. पडद्यावरची माणसे नवे घर शोधण्यासाठी आकाशगंगा ओलांडत होती, आणि जुन्या घरात राहता यावे म्हणून कोणी एकाने बैलगाडीच्या वाटा तुडवून मुठीमुठीने गोळा केलेले बी जवळच थंड खोलीत पडून होते.

थंड खोली म्हणण्याचे कारण असे की, गारव्यात आणि कोरडेपणात बियाणे सावकाश म्हातारे होते. बाहेर पावसाळ्यामागून पावसाळे जातात. आत त्या दाण्याचे वय मंदगतीने वाढते. निसर्गाने त्याच्यासाठीही एक वेगळे घड्याळ ठेवलेले आहे. मात्र नुसते साठवून भागत नाही. काही वर्षांनी तो दाणा बाहेर काढून मातीत पेरावा लागतो, त्याला ऊन-पाऊस दाखवावा लागतो, आणि नव्या पिकातून नवे बी भरून पुन्हा ठेवावे लागते. पेरणी चुकली तर कोठारात नोंद राहते आणि वाण नाहीसा होतो.

पाहिलेला चित्रपट पुन्हा कशासाठी पाहावयाचा, या प्रश्नाला माझ्याजवळ याहून चांगले उत्तर नाही. चांगली कलाकृतीही अशीच साठवणीत पडून असते. तिला मधूनमधून बाहेर काढून माणसांच्या गर्दीत, अंधारात, नव्या पिढीच्या शेजारी बसून पेरावे लागते. त्या दिवशी खेळ संपला तेव्हा प्रेक्षागृहातील निम्म्याहून अधिक मुले अशी होती की, पहिल्या खेपेस त्यांना अक्षरओळखही नसेल. दिवे लागले तरी ती लगेच उठली नाहीत. पेरणी वाया गेली नाही, एवढे त्यावरून समजले.